चौकोन आला होता, बंद केला

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये दारापाशी उभा असलेला, मोबाइल कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरलेला आणि मोकळ्या बोटाने हवेत खुणा करणारा माणूस दिसला, तर तो बिघडलाय असं समजू नये. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. "उजवीकडे, खाली. घड्याळ दिसतंय ना? त्याच्या डावीकडे वर तोंड केलेला बारीक बाण आहे. तो दाबा." सगळा डबा मनातल्या मनात तो बाण दाबतो. पलीकडून काहीतरी उत्तर येतं आणि माणूस डोळे मिटून घेतो. डब्याला कळतं, की दुसराच बाण दाबला गेला.

मी याच जमातीतला. आमच्या धंद्याला कार्डावर 'रिमोट सपोर्ट' म्हणतात. घरी 'फोनवर ओरडणं' म्हणतात. दुसरं नाव जास्त अचूक आहे.

माझी बरीचशी गिऱ्हाइकं आनंदनगरात. आनंदनगर म्हणजे अंबरनाथ पूर्वेची एमआयडीसी. शुक्रवार हा इथला औद्योगिक सुट्टीचा वार, त्यामुळे नावातला आनंद आठवड्यातून एकदा प्रत्यक्षात दिसतो. इथल्या छोट्या कारखान्याची मांडणी साधारण ठरलेली असते. कारखाना आनंदनगरात, शेठ उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये, अकाउंटवाल्या मॅडम बदलापूर पश्चिमेला, सीए कल्याणला. आणि या सर्वांचा जीव ज्यात अडकलाय तो टॅलीचा डेटा कारखान्याच्या ऑफिसात, 'कृपया बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवलेल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर. चौघांनाही, शक्यतो एकाच वेळी आणि शक्यतो घरबसल्या, त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायचं असतं. सीएसएमटीपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. मधलं अंतर ८ किलोमीटर, मध्ये चिखलोलीचं स्टेशन होईपर्यंत एकाच स्टेशनचं. हे एक स्टेशन तारेवरून ओलांडणं रेल्वेने ओलांडण्यापेक्षा अवघड आहे, असं मी म्हटलं तर बदलापूरकर मला मारतील. पण आहे.

मार्चअखेरीची गोष्ट. गेटवर माल भरलेला ट्रक उभा, वापीला जाणारा. ई-वे बिल निघत नव्हतं. २०१८ च्या १ एप्रिलपासून पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर हे बिल लागतं, आणि कागद हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. मॅडम रजेवर, म्हणजे बदलापुरात. ऑफिसात नुकताच लागलेला एक मुलगा.

"स्क्रीनवर काय आलंय?" मी विचारलं.

"काही नाही, सर."

"काहीच नाही?"

"एक चौकोन आला होता."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"इंग्लिश होतं."

"वाच बघू."

"बंद केला."

कॉम्प्युटर बिचारा आपलं दुखणं स्वच्छ अक्षरांत लिहून समोर धरतो. माणूस ते न वाचता कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवतो. मग मला फोन करून विचारतो, की याला काय झालंय. तक्रार न वाचता निकालात काढायची ही पद्धत आपण कचेऱ्यांकडून उचलली की कचेऱ्यांनी आपल्याकडून, हा वाद जुना आहे. मी त्यात पडत नाही. मी म्हणतो, "एनीडेस्क उघड आणि नंबर सांग."

एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याची स्क्रीन आपल्याकडे आणणारं ॲप. त्याचा नंबर बहुधा नऊ आकडी असतो. स्क्रीनवर तीन-तीनचे गट पाडून दाखवतात, पण मराठी माणूस तो जोड्यांनी वाचतो. "सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर, एकोणनव्वद, एकोणसाठ. आणि एक सात उरला." फोनवरून, मागे लेथ चालू असताना, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर यांत फरक उरत नाही. एकोणसाठचा पाच आधी की नऊ, याचा विचार करता करता आधीची जोडी विसरते. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचायची सोय आली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ उठला आणि विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की लहान मुलांना उलटा क्रम आणि जोडाक्षरं जड जातात. आमच्या धंद्यातल्या एकाही माणसाने त्या वेळी विरोध केल्याचं मी ऐकलं नाही. आम्ही तर 'साठ तीन'च्याही पुढे जाऊन 'सहा, मग तीन' या मताचे आहोत.

आता हा नंबर मुळात लागतोच का? मला माहीत असलेल्या कॉम्प्युटरशी, माहीत असलेल्या गावात, माझा कॉम्प्युटर सरळ का बोलू शकत नाही? कारण त्या कॉम्प्युटरला स्वतःचा पत्ताच नाही.

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. १९८१ साली ही रचना पक्की झाली तेव्हा हे आयुष्यभर पुरतील असं वाटलं असणार. २०११ च्या ३ फेब्रुवारीला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचं भांडं त्याच एप्रिलमध्ये तळाला लागलं. टंचाई येणार हे आधीच दिसत होतं. म्हणून १९९४ साली एक तोड निघाली: आत यंत्रं किती का असेनात, बाहेर सर्वांचा मिळून एकच पत्ता दाखवायचा. आतले नंबर आपापले. या आतल्या नंबरांसाठी काही आकडे राखून ठेवले, म्हणून तुमच्या राऊटरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो आणि माझ्याही. या तोडीचा मूळ कागद लिहिणाऱ्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं होतं, की ही अल्पकाळाची सोय आहे.

तात्पुरत्या सोयीचं पुढे काय होतं, हे उल्हासनगरकराला सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभी राहिली, बराकी बांधल्या गेल्या. युद्ध संपलं, फाळणी झाली, सिंध सोडून आलेली कुटुंबं त्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं. सैनिक गेले, छावणी गेली, त्या जागी बाजार आणि इमारती आल्या, आणि आजही पाकिटावर लिहितात: बराक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, सेक्शन, कॅम्प. इंटरनेटवर बाहेर दिसणारा एक पत्ता म्हणजे ही बराक, आणि पोर्ट म्हणजे खोली. फरक एवढाच, की इंटरनेटच्या बराकीच्या दारावर वही घेऊन बसलेला एक कारकून असतो. आतल्याने बाहेर पत्र टाकलं की तो वहीत नोंदवतो: अमुक खोलीने तमुक गावाला पत्र पाठवलं. उत्तर आलं की वही बघून ते त्या खोलीत देतो. पण कोणी आपण होऊन, न विचारता पत्र पाठवलं, तर वहीत नोंद नाही. पत्र केरात. पाठवणाऱ्याला 'केरात टाकलं' असंही कळवत नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आपल्या केबलवाल्याकडेही पत्ते मोजके. २०१२ साली १००.६४ ने सुरू होणारा आणखी एक गठ्ठा केवळ अशा कंपन्यांसाठी बाजूला काढला, म्हणजे त्यांनीही आपल्या सर्व गिऱ्हाइकांना एका मोठ्या बराकीत कोंबावं. आता आनंदनगरातल्या त्या कॉम्प्युटरची अवस्था बघा. तो शेठच्या मुलाने गेमसाठी आणलेल्या शिंगांवाल्या राऊटरच्या मागे. तो राऊटर केबलवाल्याच्या डब्याच्या मागे. डबा केबलवाल्याच्या मोठ्या यंत्रामागे. बराकीत बराक, तिच्यात आणखी बराक, आणि प्रत्येक दारावर वही.

कळस पुढेच. बदलापुरातल्या मॅडमचा केबलवालाही तोच. म्हणजे दोघांचा बाहेर दिसणारा पत्ता एकच. एकाच बराकीतल्या एका खोलीने दुसऱ्या खोलीला पत्र टाकायचं, तर ते दारापर्यंत जाऊन तिथूनच आत वळायला हवं. बरीच यंत्रं हे वळण घेत नाहीत. आपल्याच बराकीचा पत्ता लिहिलेलं पत्र आपल्याच दारात बघून कारकून गोंधळतो आणि केराच्या डब्याकडे वळतो. माझ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा न्यू जर्सीतला भाचा तिथून मामाच्या कॉम्प्युटरला चुटकीसरशी जोडला जातो. एकाच केबलवर लटकलेल्या आमच्या मॅडमना ते जमत नाही.

पूर्वी यावर सोपा इलाज होता. राऊटरच्या भिंतीला बाहेरून आत येणारं कायमचं भोक पाडायचं. याला पोर्ट फॉरवर्ड म्हणतात आणि आमच्या भागात ते कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा सीसीटीव्हीवाल्यांनी जास्त केलंय. शेठला घरच्या सोफ्यावरून कारखाना दिसायला हवा असतो. कामगार काम करताहेत की नाही हे बघायला म्हणून कॅमेरे बसवतात, आणि बहुतेक वेळ बघतात ते गेटवरचं मांजर. बसवणारा मुलगा भोक पाडतो, पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच ठेवतो आणि पैसे घेऊन जातो. २०१६ च्या शरदात असेच जगभरातले लाखो कॅमेरे, त्यांचे डीव्हीआर आणि राऊटर 'मिराई' नावाच्या किड्याने पासवर्ड ओळखून ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या फौजेने डाइन नावाच्या एका कंपनीवर असा मारा केला, की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास ठप्प झाले. मी हे शेठना सांगितलं, आणि त्या फौजेत आनंदनगरातला एखादा असेलच असंही भीती घालायला जोडलं. शेठ घाबरले नाहीत. "आपला कॅमेरा अमेरिकेपर्यंत चालतो?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

तर ते भोक आता बंद. शिवाय आपण आपल्या भिंतीला भोक पाडलं तरी बाहेरची भिंत केबलवाल्याची. त्याच्याकडे स्टॅटिक आयपी मागितला, तर तो आधी "कशाला पाहिजे?" विचारतो, मग वर्षाचे पैसे सांगतो, आणि पैसे दिल्यावर "वरून यायचाय" म्हणतो. वरून काय काय यायचं असतं आणि काय काय वरूनच बंद असतं, याची यादी केली तर ती अंबरनाथपासून दिल्लीपर्यंत पुरेल.

मग एनीडेस्कसारखी मंडळी काय करतात? इथे मात्र मला त्या डोकेबाज लोकांना नमस्कार करावासा वाटतो. सर्व दारांवरचा नियम एकच: बाहेर जाणाऱ्याला अडवायचं नाही, न विचारता येणाऱ्याला घ्यायचं नाही. दोघेही आतले. मग भेटणार कसे? तर दोघांनीही एकाच वेळी बाहेर पडायचं.

याला एक तिसरा लागतो, ज्याचा पत्ता सर्वांना माहीत आहे असा. मॅडमचा कॉम्प्युटर त्याला विचारतो, "बाहेरून माझा पत्ता काय दिसतो हो?" कारण आत राहणाऱ्याला तो ठाऊकच नसतो. कारखान्याचा कॉम्प्युटरही तेच विचारतो. या विचारपूशीची रीतसर पद्धत २००३ साली 'स्टन' या नावाने ठरली. तिसरा दोघांना एकमेकांचे बाहेरचे पत्ते देतो आणि म्हणतो, हं, आता. दोघेही एकमेकांच्या दिशेने पत्र सोडतात. मॅडमचं पहिलं पत्र बहुधा कारखान्याच्या दारात केरात जातं. जाऊ दे. जाताना मॅडमच्या दारावरच्या वहीत नोंद झालेली असते, की यांनी आनंदनगराला पत्र पाठवलंय. तेवढ्यात कारखान्याचं पत्र मॅडमच्या दारात येतं. कारकून वही बघतो. नोंद आहे, म्हणजे हे उत्तरच असणार, असं समजून आत घेतो. झालं. कोणीही भिंतीला हात लावलेला नाही, नियम मोडलेला नाही, तरी वाट पडली. फोनवर दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना लावला तर दोघांनाही एंगेज मिळतो. इथे एकाच क्षणी लावला तरच लागतो.

ब्रायन फोर्ड आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २००५ साली ही युक्ती वेगवेगळ्या राऊटरांवर तपासली. साध्या, पोचपावती न मागणाऱ्या पाकिटांच्या बाबतीत सुमारे ८२ टक्के राऊटर फसले, आणि पोचपावतीवाल्या शिस्तीच्या पाकिटांना सुमारे ६४ टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर दोघांमधला कॉल शक्य तिथे याच मार्गाने थेट जोडला जातो. दारावरच्या कारकुनाची स्मरणशक्ती मात्र तोकडी. अर्धा मिनिट कोणी काही बोललं नाही तर बऱ्याच ठिकाणी तो नोंद खोडतो. म्हणून दोन्ही बाजू अधूनमधून एक रिकामं पाकीट धाडत राहतात. वायरगार्ड नावाच्या प्रणालीत त्यासाठी २५ सेकंदांचा अंतराल सुचवलाय. टॅली उघडून मॅडम चहाला गेल्या, तरी त्यांचा कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी आनंदनगराला 'आहे हो, आहे' म्हणत बसतो.

काही कारकून इतके चिवट, की प्रत्येक नव्या गावाला पत्र लिहिताना त्याच माणसाची खोली बदलून टाकतात. तिसऱ्याला दिसलेला खोली नंबर मॅडमना उपयोगाचा राहत नाही. खोल्या पासष्ट हजारांवर, शोधणार कुठे? यावरही लोकांनी तोड काढली. तेवीस माणसं जमली की त्यांतल्या कोणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, या गणिताचा आधार घेऊन. एका बाजूने २५६ दारं उघडून ठेवायची, दुसऱ्याने अंदाजपंचे हजारेक दारं ठोठावायची. कुठेतरी गाठ बहुधा पडतेच. हे वाचलं तेव्हा मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या. बायकोने आतून विचारलं, कोणाचा वाढदिवस?

आणि एवढं करूनही जमलं नाही, तर? मग मध्यस्थ. दोघेही तिसऱ्याकडे आपापलं पत्र देतात आणि तो हातोहात पोचवतो. हा तिसरा कधी मुंबईत असतो, कधी चेन्नईत, कधी सिंगापुरात. त्या दिवशी बिल काढायला मी मॅडमना कारखान्याच्या कॉम्प्युटरशी जोडून दिलं, तेव्हा आमच्या वाट्याला दूरचा आला असावा, कारण मॅडमनी हलवलेला माउसचा बाण आनंदनगरात सावकाश, विचार करत करत फिरत होता. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर. एक स्टेशन ओलांडण्यासाठी बाण जाऊन-येऊन आठ हजारांच्या घरात चालतो. अर्थात सेकंदाच्या काही शतांशांत. तेवढ्यात आपल्या स्टेशनवरची उद्घोषणा 'यात्रीगण'चा 'या'सुद्धा उच्चारत नाही. पण तारखेच्या चौकटीत नेमकं ठेवलेलं बोट चुकायला तेवढा उशीर पुरतो. मॅडम ३१ मार्चवर दाबायच्या आणि तिकडे १ एप्रिल उमटायचा. मार्चअखेरीला एक दिवसाचा फरक म्हणजे एक आर्थिक वर्ष.

"मेरा क्या हुआ?" मागून ट्रक ड्रायव्हरचा आवाज आला. तो आता ऑफिसात येऊन बसला होता.

बरं, मॅडम तिथवर आल्या हेच विशेष. आधी मी त्यांना फोन करून एनीडेस्कचा नंबर मागितला, तेव्हा त्या गप्प झाल्या होत्या. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना या ॲपच्या नावानिशी इशारा दिला होता, की ठग लोक हाच नंबर मागून खाती साफ करतात. तेव्हापासून आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न आणि ठगांचा नेहमीचा प्रश्न शब्दशः एकच झालाय. वर मध्यंतरी फोन लावला की रिंग वाजण्याआधी सायबर चोरांपासून सावध करणारी धून वाजायची, आणि १९३० ला तक्रार करा हा सल्ला. ती पूर्ण ऐकून झाल्यावर मी बोलायचो, "नंबर सांगा." कोणता शहाणा माणूस सांगेल?

"तुम्ही तुम्हीच कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"आवाज ओळखला नाहीत?"

"आवाज आता कोणाचाही काढतात. आपल्या ऑफिसातल्या प्रिंटरला आम्ही काय म्हणतो, सांगा."

"भाऊजी."

"का?"

"कारण बोलावल्याशिवाय काही देत नाही आणि दिलं तर अर्धंच देतो."

मग मला नंबर मिळाला. जगातल्या कोणत्याही फायरवॉलपेक्षा या बाईंवर माझा विश्वास जास्त आहे.

सिंगापूरमार्गे चाललेलं ते काम तितक्यात पूर्णच थांबलं. स्क्रीन गोठली. मुलगा फोन उचलेना. अशा वेळी आमच्या जाळ्यातला सर्वांत भरवशाचा घटक कामाला येतो, तो म्हणजे गेटवरचे वॉचमनकाका.

"काका, ऑफिसात कपाटावर पांढरा डबा आहे. त्यावर लाईट किती?"

"चार. एक लाल."

"लाल कुठली?"

"डावीकडून दुसरी. थांबा सर, गाडी आली."

काका गेटवर गेले. आत येणारी गाडी होती, म्हणजे नाव, गाडी नंबर, कोणाकडे, कशासाठी, सही. बाहेर जाणारी असती तर त्यांनी मान हलवून फाटक उघडलं असतं. हा नियम त्यांना कोणी शिकवलेला नाही. मला दर आठवड्याला फोनवर डब्याचे दिवे वाचून दाखवणाऱ्या याच काकांनी मी पहिल्यांदा प्रत्यक्ष गेलो तेव्हा मला उन्हात उभं केलं होतं. "ते फोनवरचे सर वेगळे," असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

लाल लाईट म्हणजे तार तुटली. मार्चअखेरीला रस्ते खोदायचा निधी संपवायचा असतो, आणि जेसीबीला केबल आणि मुळं यांत फरक करायला कोणी शिकवलेलं नाही. आता केबलवाला येईपर्यंत काही नाही. ड्रायव्हर ट्रकमध्ये जाऊन झोपला.

वाट निघाली ती मुलाच्या खिशातून. त्याने मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्यावर घेतला. मी मॅडमनाही तेच करायला सांगितलं, आणि काही क्षणांत दोघे जोडले गेले. थेट. मध्ये सिंगापूर नाही, चेन्नई नाही. यात जादू नाही. १९८१ च्या पत्त्यांची टंचाई मिटवण्यासाठी जी नवी पद्धत कधीची तयार होती, तिच्यात पत्ते एवढे आहेत, की तो आकडा लिहायला ३९ अंक लागतात. घरोघरच्या केबलवाल्यांनी तिच्याकडे सवडीने बघायचं ठरवलं, पण २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं ते ही पद्धत घेऊनच. त्यामुळे ती वापरण्यात आपला देश आज जगात अगदी पुढच्या रांगेत आहे. म्हणजे मुलाच्या फोनला स्वतःचा असा पत्ता आहे, बराकीबिराकीची भानगड नाही. दारावर कारकून तिथेही बसलेला असतोच, पण खोल्या बदलायचा उद्योग तो करत नाही. दोघांनी एकदम पत्र टाकलं, दोन्ही वह्यांत नोंद झाली, वाट पडली.

बिल निघालं. भाऊजींनी अर्धं छापलं, मग उरलेलंही छापलं. ट्रक वापीला गेला.

संध्याकाळी शेठचा फोन. शेठ रिमोटच्या विरोधात आहेत असं नाही. २०२० च्या मार्चमध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि कारखान्यातलं कोणीच कुठे पोचू शकेना, तेव्हा हेच शेठ रात्री अकराला फोन करून विचारायचे, "भाऊ, तारेतून येता का जरा?" त्या काळात ते मला देवमाणूस म्हणत. देवमाणसाला बिल कसं द्यायचं, म्हणून तेव्हाचे काही पैसे अजून यायचेत.

"काम मस्त झालं," शेठ म्हणाले. "मॅडम सांगत होत्या, एकदम डायरेक्ट."

"हो शेठ. मध्ये कोणी नाही."

"बिल बघितलं तुमचं. त्यात व्हिजिट चार्ज लिहिलाय."

"तो तर नेहमीचाच."

"पण तुम्ही आलात कुठे?"

"आलो नाही म्हणून तर लवकर झालं. यायला निघालो असतो तर ट्रक अजून गेटवर असता."

"ते सगळं बरोबर. पण मी वॉचमनला विचारलं. गेटच्या वहीत तुमची एंट्रीच नाही." शेठ थोडे थांबले. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "असं करा, शनिवारी या. चहा घेऊ. आत येताना वहीत सही करा, आणि जाताना चेक घेऊन जा."